अडुसष्टवरचा काटा

काटा हलेना. नऊ वाजता अडुसष्टवर येऊन जो बसला तो बसलाच, आणि आता साडेदहा होऊन गेले होते. त्याने सवयीने काचेवर नखाने टिचकी मारली. कुठलाही काटा वाचायच्या आधी टिचकी मारायची, मग वाचायचं, हे एकवीस वर्षांत त्याच्या बोटात इतकं मुरलं होतं की भिंतीवरच्या घड्याळालाही तो टिचकी मारून वेळ बघायचा आणि बायको हसायची. अडलेला काटा टिचकीने केसभर तरी थरथरतो. हा ढिम्म. भट्टीच्या आत मेंढ्याचा अख्खा खांदा, हाडासकट पावणेतीन किलो, सहा वाजल्यापासून धुरात पडलेला. त्यात रुतवलेली लांब सुई आणि बाजूच्या भोकातून बाहेर आलेली तिची ही तबकडी. नव्वद अंश झाले की मांस हाडावरून आपोआप सुटतं. पहिले तीन तास काटा कसा शहाण्यासारखा चढत गेला होता. चाल जरा मंदावली तरी बाराला नव्वद व्हायला हवे होते, साडेबाराला खांदा खाली उतरवायचा होता, एकला दादा-वहिनी जेवायला येणार होते. आणि सगळे ताटावर बसले की पहिल्या घासाआधी त्याने दादाला ते सांगायचं होतं. बायकोशी तसं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिने ठरवलं होतं आणि याने मान हलवली होती.

सांगायचं ते एवढंच, की मी दुकान सोडतोय. तीनच शब्द. दोन दिवसांच्या प्रवासावर एक शहर होतं, तिथे एक मोठी मापनशाळा होती, जगभरच्या दुकानांतले काटे ज्या वजनांनी तपासतात ती वजनंच तिथे तपासली जायची, आणि त्या लोकांनी त्याला पत्र पाठवलं होतं: या, राहायला जागाही देऊ, उत्तर अमुक तारखेला सकाळी दहापर्यंत कळवा. ती तारीख म्हणजे उद्या. पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि ते कपाटात चादरींच्या घडीखाली होतं, जणू काही चोरीचा माल. तीन आठवडे तो आणि दादा रोजच्यासारखे नऊ ते सात काटेदुरुस्तीच्या त्या दुकानात समोरासमोरच्या टेबलांवर बसत होते, पारडी पुसत होते, स्प्रिंगा बदलत होते, आणि रोज त्या तीन शब्दांतला पहिला शब्द याच्या तोंडात यायचा. "मी," तो म्हणायचा. "हं?" दादा मान वर न करता म्हणायचा. "मी चहा सांगू का?" ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, फक्त याने तीन आठवड्यांत चहा इतका पाजला, की बिचाऱ्या दादाला पित्त झालं.

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "जावईबापूंचं काय म्हणणं आहे?" परसात उभ्या असलेल्या त्या काळ्या, कमरेएवढ्या, पिंपासारख्या धूरभट्टीला तिने हे नाव पहिल्याच आठवड्यात ठेवलं होतं. कारण साहेबांना पहाटे उठून पेटवावं लागे, दर अर्ध्या तासाने काय हवं-नको ते बघावं लागे, पाण्याचं भांडं भरावं लागे, आणि इतकं करून रुसले तर रुसले. "ठीक आहे," तो म्हणाला. ती खिडकीत थांबली. ती औषधांच्या दुकानात काम करायची. खोकला खरा की रजेसाठीचा, हे तिला गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत कळायचं. "आज सांगणार आहेस ना?" तिने आवाज खाली आणून विचारलं. "सांगणार म्हटलं ना." "जेवणाआधी. जेवण झाल्यावर तू सुस्तावतोस." आणि खिडकी लागली. त्याने पुन्हा टिचकी मारली.

हे धूड घरात आलं तेही एका शब्दाच्या घोटाळ्यातूनच. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दुकान बंद करताना त्याने खरोखर धीर केला होता. पत्र नव्हतं, कुठे जायचं होतं असंही नाही, पण त्या दिवशी सबंध दुपारभर एकाच वाण्याच्या एकाच काट्याशी झटताना त्याला एकाएकी वाटलं होतं की आपण या टेबलावर मरणार, याच स्टुलावर, आणि दादा समोरून म्हणेल, "हं?" तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं असताना तो म्हणाला होता, "दादा, मला हल्ली मोकळं वाटत नाही." दादा कुलूप हातात धरून थांबला. "असं म्हणतोस," एवढंच म्हणाला. याला रात्रभर हलकं वाटलं. म्हटलं, कळलं दादाला. आणि पुढच्या आठवड्यात दाराशी टेम्पो उभा राहिला. मागोमाग दादा स्वतः मोजपट्टी घेऊन आला, परसात भिंतीपासून किती अंतर ठेवायचं ते त्याने मोजलं, घामाघूम होऊन पाय बसवले आणि म्हणाला, "रविवारी मोकळ्या हवेत बसत जा. यात घाई नाही बघ. सात-सात, आठ-आठ तास नुसतं बसायचं." मोकळं या शब्दाचा याने एक अर्थ धरून तो दिला होता आणि दादाने दुसरा धरून घेतला होता. इतक्या प्रेमाने घेतला होता, की आता काय बोलणार? कपाळ? सहा दिवस दुकानात आणि सातव्या दिवशी कोळशापुढे, अशी त्याची व्यवस्था लागली. आगीतून फुफाट्यात म्हणायचीसुद्धा सोय नाही, कारण फुफाटा आपल्याच हाताने सारखा करायचा.

पहिल्या रविवारी तर त्याने वरची झडप बंदच करून टाकली होती. खालच्या झडपेतून हवा आत जाते, वरच्या झडपेतून धूर बाहेर पडतो. त्याला वाटलं, धुराचंच जेवण करायचं तर धूर बाहेर का सोडा? चार तास सगळा धूर आत कोंडला आणि कोंबडी निघाली ती खोकल्याच्या औषधासारखी कडूजार. बायकोने पहिला घास तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. वहिनी म्हणाली, "भावोजी, ही कोंबडी कुठल्या आजाराने गेली म्हणायची?" आणि दादा? दादाने दोनदा मागून घेतली. "छान झालीय," म्हणाला, डोळ्यांत पाणी येत होतं तरी चावत राहिला. अशा माणसाला कसं सोडून जायचं सांगा. तो दुष्ट असता, हिशेबी असता, अंगावर ओरडणारा असता, तर हा केव्हाच शटर आपटून निघून गेला असता. वडिलांचे हात कापायला लागले, पितळी वजन चिमट्यात धरलं की टेबलावर टणटण वाजायचं, तेव्हा बावीस वर्षांच्या याला दादाने हात धरून शिकवलं. वजनाला उघडा हात लावायचा नाही. बोटाचा घामसुद्धा वजनात जमा होतो. दोन्ही पारडी रिकामी ठेवून आधी काटा मध्यावर येतो का बघायचं. हलता काटा कधी वाचायचा नाही, आणि अडलेल्या काट्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. अडला म्हणजे आत कुठेतरी घाण आहे, नाहीतर काहीतरी वाकलंय. काटा खोल आणि बघ.

म्हणूनच पावणेअकराला त्याने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. काटा दीड तासाहून जास्त अडलेला. म्हणजे तबकडी बिघडली, हे त्याच्या लेखी इतकं स्वच्छ होतं, की मांसाचं काही असू शकेल ही शंकासुद्धा त्याला आली नाही. आजवर त्याने कोंबडी केली होती, मासे केले होते, फासळ्या केल्या होत्या. एवढा मोठा तुकडा पहिल्यांदाच. त्याने झाकण उचलून तिरकं टेकवलं, धूर भसकन तोंडावर आला, सुई मांसातून उपसली आणि तो तरातरा स्वयंपाकघरात गेला. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. उकळत्या पाण्यात काटा शंभरावर, अगदी रेघेवर. बर्फाच्या पाण्यात शून्यावर. पुन्हा उकळत्यात, पुन्हा बर्फात. मागचं झाकण काढून त्याने भिंगातून आतली गुंडाळी पाहिली, मऊ ब्रशने पुसली, परत बसवली, परत शंभर, परत शून्य. या कामात त्याला कसं बरं वाटत होतं! खांदे उतरले होते, श्वास संथ झाला होता. बायको ओट्याला टेकून हाताची घडी घालून हे सगळं बघत होती. "अरे, काय चाललंय तुझं?" "काटा तपासतोय." "मग? खोटा निघाला?" "नाही," तो म्हणाला, "खरा आहे." "मग खोटं कोण बोलतंय?" ती म्हणाली. परसातून चरचर आवाज येत होता. झाकण उघडं राहिल्याने कोळशांना मनसोक्त हवा मिळाली होती आणि ते लालबुंद होऊन पाण्याच्या भांड्याबाहेर जिभा काढत होते.

खाटकाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि आधी हसून घेतलं. "साहेब, अडणारच की! मोठा तुकडा अडतोच. आतून पाणी सुटतं, घाम येतो त्याला. घामाने अंग गार राहतं, खाली आग कितीही असू दे. दोन तास, तीन तास तिथल्या तिथे. घाम सरला की मग चालायला लागतो. तुम्ही उघडलं नाही ना?" "उघडलं." "अरेरेरे. किती वेळ?" "अर्धा तास." पलीकडे सुरी फळीवर आपटल्याचा आवाज आला. "मग आता एकचं जेवण विसरा. झाकण लावा, खालची झडप बोटभर ठेवा, वरची उघडी, आणि हात बांधून गप बसा. त्याला काही करू नका. तुम्ही लोक सारखं काहीतरी करता." त्याने तसं केलं. सुई परत रुतवली. काटा एकसष्टवर आला होता. सात अंशांची कमाई स्वतःच्या हाताने मातीत घातली होती. खुर्ची ओढून तो समोर बसला. भिंतीपलीकडे कुणीतरी सतरंजी झटकत होतं. सदऱ्याला, केसांना, नखांना धुराचा वास होता. सोमवारी दुकानातही तो येत राहायचा, आणि दादा त्याच्या टेबलाजवळून जाताना नाक वर करून हसायचा, आपण दिलेली वस्तू वापरात आहे याचं समाधान त्या हसण्यात असायचं. त्याला वाटलं, उठावं, फाटक उघडावं आणि चालू लागावं, रस्ता संपेपर्यंत. पण खालची झडप बोटभरच ठेवायला हवी होती, आणि ती बघायला कुणीतरी हवं होतं.

दादा एकच्या ठोक्याला आला. खाटकाने सांगितलेलं सगळं आणि उशीर होणार हे कळल्यावर तो "काही हरकत नाही" म्हणाला आणि लगेच त्याच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. वहिनी आत गेली. दोघी जावांची भांड्यांच्या आवाजातली बोलणी सुरू झाली. दुसरी खुर्ची ओढून दादा शेजारी बसला. समोरासमोर बसायची सवय असलेले दोघे भाऊ असे शेजारी बसले की त्यांना हातांचं काय करावं ते कळायचं नाही. दादाने वाकून तबकडी बघितली, आणि वाचण्याआधी नखाने टिचकी मारली. "सहासष्ट," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "टिचकी मारून बघितलीस ना?" "बघितली." "उघडून?" "उघडून बघितला. खरा आहे." "मग झालं तर," दादा समाधानाने म्हणाला आणि मागे टेकला. सांगावं, असं याला वाटलं. इथेच, आत्ताच, बायका आत आहेत तोवर. "मी," तो म्हणाला. "हं?" "मी पाण्याचं भांडं बघतो." "आता उघडू नकोस म्हणालाय ना तो खाटीक?" दादा म्हणाला. "बस. नुसतं बस. छान वाटतंय." खिडकीत बायकोचा चेहरा दिसला आणि नाहीसा झाला. दादा सांगू लागला, की रुग्णालयाकडून बाळांचे वजनकाटे यायचेत, अठरा नग, गेल्या वेळी तीन नंबरचा अडत होता. सांगता सांगता त्याचा डोळा लागला. झोपेत दादाचं तोंड थोडं उघडं पडायचं. चष्म्याची दांडी तारेने बांधलेली होती. ही तार कधी बांधली, रोज समोर बसून आपल्याला कशी दिसली नाही, हे त्याला आठवेना.

दोनला काटा एकाहत्तरवर होता, सव्वादोनला एकोणऐंशीवर. घाम सरला होता. मग तो असा भराभर चढला की बघत राहावं. तीनला खांदा उतरवला तेव्हा हाड नुसतं ओढलं तरी स्वच्छ हातात आलं. टेबलावर पाव होता, कांद्याच्या चकत्या होत्या, उकडलेले बटाटे होते. "भूक काय लागलीय म्हणून सांगू," वहिनी म्हणाली, "आणखी अर्धा तास लावला असता ना भावोजी, तर मी खुर्ची खाल्ली असती." सगळे हसले. दादाने घासासाठी हात पुढे केला. बायकोने वाढता वाढता वाडगा खाली ठेवला, जरा जोरातच ठेवला, आणि ती उभी राहिली, तशीच, हात कमरेवर. याने तिच्याकडे बघितलं नाही. मिठाच्या भांड्याकडे बघत तो म्हणाला, "दादा, मी दुकान सोडतोय."

काही पडलं नाही, कुणी ओरडलं नाही. दादाने घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग विचारलं, "म्हणजे कुठे?" त्याने सांगितलं. मापनशाळा, पत्र, जागा, उद्या दहा. बोलायला लागल्यावर नमनाला घडाभर तेल घालत तो पाच मिनिटं बोलत होता, दादाचे उपकार, वडील, सगळं. दादाने हात वर केला. "अरे, मग जा की! विचारतोयस कुणाला?"

"मला वाटलं, तू..."

"मी काय? मी दहा वर्षं वाट बघतोय." दादाने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. "मला बारीक रेघा दिसत नाहीत रे आता. तू जेवायला गेलास की मी भिंगाने बघून घेतो. कंबर तर बसल्या बसल्या धरते. पण म्हटलं, आपण बंद केलं तर धाकटा कुठे जाईल? याला दुसरं काही येत नाही. मध्ये तू म्हणालास ना, मोकळं वाटत नाही, तेव्हा मला वाटलं तुला कळलं, मी बंद करणार म्हणून. घाबरलास. म्हणून हे आणून दिलं. म्हटलं, मन रमेल, धीर धरेल." तो हसला. "तुझ्यासाठी शटर उघडतोय मी रोज."

वहिनीचा चमचा थांबला होता. ती हळूच म्हणाली, "माझ्या ताईच्या गावी, तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या अजून रिकाम्याच आहेत. परवाच फोनवर म्हणत होती, तळ्याकडची खिडकी दुरुस्त करून घेतली म्हणून." "मग या महिनाअखेर बंद करू," दादा म्हणाला. कुणी म्हणावं, आज छत्री नको, इतक्या सहज. आणि वहिनी बोलायलाच लागली. मोठं कपाट न्यायचं नाही, तिथे जिना अरुंद आहे. पातेली धाकटीने घ्यावीत. तळ्याकडून सकाळी वारा येतो, दादाची कंबर त्या वाऱ्याने धरायची नाही. बोलताना ती एकदम दहा वर्षांनी लहान दिसू लागली. बायको अजून उभीच होती, पण तिचे हात कमरेवरून खाली आले होते, आणि ती याच्याकडे बघत होती, लग्नाच्या वर्षी बघायची तशी.

आता याने उडी मारायला हवी होती. दार उघडं होतं. नुसतं उघडं नाही, ते कधी लागलेलंच नव्हतं. एकवीस वर्षं. त्याला दुकान दिसलं, दोन्ही टेबलं काढलेलं, टेबलांखालची फरशी बाकीच्या फरशीहून उजळ. मग एक अनोळखी थंड खोली दिसली, तिथले शिकलेले लोक दिसले, त्यांच्यात चिमटा धरून उभा असलेला आपण, आणि त्यांना कळलंय की याला टिचकी मारण्यापलीकडे काही येत नाही. तिथे जमलं नाही तर परत कुठे यायचं? आजपर्यंत मनातल्या मनात तो हजार वेळा गेला होता, पण त्या प्रत्येक जाण्यात दादा इथे टेबलावर बसलेला होता. दादा नसलेलं दुकान त्याने कधी सोडलं नव्हतं. भीती वाटली, सरळ लहान मुलासारखी भीती, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"एवढी काय घाई आहे, दादा."

वहिनीने बोलता बोलता त्याच्याकडे वळून बघितलं.

"म्हणजे, रुग्णालयाचे काटे यायचेत. अठरा नग. एकट्याने कसं करशील. आणि ते लोक काय, बोलावतील पुन्हा. चांगल्या माणसाला कधीही बोलावतात. मी कळवतो त्यांना, की यंदा जमत नाही. पुढच्या वर्षी बघू. सगळं नीट आवरून." तो बोलत राहिला. थांबता येईना. प्रत्येक वाक्य खरं होतं, तपासून घ्यावं इतकं खरं.

दादा त्याच्याकडे बघत होता. काय होतं त्या बघण्यात, सुटका की पराभव, ते याला वाचता आलं नाही. मग दादा धीर दिल्यासारखा हसला, हात पुढे करून त्याने याच्या मनगटावर थोपटलं. "बरं. तुझ्या मनात नसेल तर राहू दे. तू आहेस तोवर मी आहे. काळजी करू नकोस." आणि पावाला हात घातला. "छान झालंय हं मांस. खरंच छान."

बायको खाली बसली. तिने स्वतःच्या ताटात वाढून घेतलं, कांदा घेतला, आणि खाली मान घालून जेवली. एकदाही वर बघितलं नाही. वहिनीने दोन घास खाल्ले, मग भूक मेली म्हणाली.

जेवण झाल्यावर दादा खुर्चीतच पेंगला. उरलेल्या मांसाचा वाडगा घेऊन हा स्वयंपाकघरात गेला. वहिनी मोरीपाशी पाठमोरी उभी होती, बाह्या वर केलेल्या, नळ सोडलेला, पण हातात भांडं नव्हतं. त्याची चाहूल लागली तशी तिने नळ बंद केला. वळली नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "दोन मिनिटं का होईना, मी खरंच गेले होते हो त्या तळ्याकाठी."